वाघळाचं हाड

कवटी उघडायची तर हातोडी लागत नाही, वाटाणे लागतात. तळाच्या भोकातून कोरडे वाटाणे ठासून भरायचे, बूच मारायचं, कवटी पाण्यात बुडवायची आणि आपण आपल्या कामाला लागायचं. वाटाणे फुगतात, आतून रेटा देतात, आणि जन्मभर एकमेकांना धरून बसलेली हाडं कुरकुरत एकेक करून हात सोडतात. ही विद्या तिला वडिलांकडून मिळाली होती. मेडिकल कॉलेजात शिकवायला लागणाऱ्या कवट्या ते सुट्या करून, पुन्हा जुळवून देत. बाबा गेले, तिची डिग्री झाली, लग्न झालं, मुलगी झाली. मागच्या खोलीतलं काम मात्र तसंच चालू राहिलं.

त्या सकाळी तिनं मागच्या खोलीत पाऊल टाकलं. कवटी बादलीत नव्हती. बाळाच्या पिवळ्या टबात होती.

"हे कोणी केलं?"

"मी," नवरा तोंडातला ब्रश न काढताच म्हणाला. "बादली गळत होती. तुझं काम अडू नये म्हणून टब घेतला, तर माझ्यावरच?"

"तुझ्या डोक्यात काय वाटाणे भरलेत का रे?"

"भर की. निदान काहीतरी असेल आत."

तिला हसू आलं नाही. कवटी जुन्या पातेल्यात हलवून तिनं टब साबणानं घासला, उकळतं पाणी ओतलं, पुन्हा घासला.

"अगं, टब आहे तो, पाप नव्हे," सासूबाई म्हणाल्या. "रंग जाईल त्याचा. आण इकडे." आणि त्यांनीच बाळाला त्यात अंघोळ घातली.

एरवी पाणी लागलं की पोरगी आकाशपाताळ एक करायची. मान नुकती कुठे धरू लागली होती, पण घसा आधीपासूनच तयार. त्या दिवशी मात्र हूं नाही की चूं नाही.

"बघ, गुणाची झाली माझी चिमणी," सासूबाई खूश झाल्या.

दुसऱ्या दिवशी पातेल्यातली कवटी सुटली. अक्कलदाढा आलेल्या, दात फारसे न झिजलेले. बाई साधारण तिच्याच वयाची असावी. एकेक हाड पुसून तिनं फडक्यावर मांडलं आणि शेवटी मधल्या हाडाकडे वळली. पुस्तकात त्याला जतुकास्थी म्हणतात. बाबा सरळ वाघूळ म्हणायचे, कारण ते दिसतंच तसं: दोन मोठे पंख, दोन छोटे पंख, खाली लोंबणारे पाय आणि पाठीवर खोगिरासारखा खळगा. "हे म्हणजे घरातली सून," बाबा सांगत. "बाहेरून दिसत नाही, पण सगळ्यांना धरून तीच असते. तिला काढलं की घर बसलंच." मोठ्या माणसाच्या कवटीत ते मागच्या हाडाशी एकजीव झालेलं असतं, करवतीनं सोडवावं लागतं. ती करवत घेऊनच बसली होती.

करवत लागली नाही. वाघूळ आपोआप तिच्या हातात आलं, आणि तेही तीन तुकड्यांत.

आपल्या हातून मोडलं, असंच तिला आधी वाटलं. पण कडा मोडक्या नव्हत्या. मधला भाग छोट्या पंखांसकट वेगळा, मोठे पंख दोन बाजूंना वेगळे, आणि तिन्ही तुकडे इवलेसे, मधला भाग भरीव. असलं हाड तान्ह्या बाळाचं असतं. वर्ष भरेपर्यंत ते हळूहळू जुळतं, आणि त्यातली पोकळी तर आणखी कितीतरी वर्षांनी होते. एवढ्याशा हाडाला धरून ही थोराड कवटी उभी राहिली कशी?

तिनं पाळण्याकडे पाहिलं. बाळ तिच्याकडेच बघत होतं.

डोळ्याच्या खोबणीची मागची भिंत वाघळाच्या पंखांची असते. नजरेची नस त्याच पंखांतून आत जाते. हे ती झोपेतसुद्धा सांगू शकली असती. म्हणूनच बाळाची नजर तिला सहन होईना. पंख्याकडे नाही, खुळखुळ्याकडे नाही, सतत तिच्याकडे. श्वास चालू आहे ना, मान अवघडली नाही ना, असं ती जशी बाळाकडे बघायची, अगदी तसंच. आणि गंमत म्हणजे, त्या दिवसांत बाळंतपणानंतर पहिल्यांदाच तिला गाढ झोप लागू लागली.

"डॉक्टरांना काय सांगणार?" नवऱ्यानं विचारलं. "पोरगी रडत नाही म्हणून?"

"हो. तेच सांगणार."

डॉक्टरीणबाईंनी आधी तिला धीर दिला, मग तिच्या हट्टापुढे हात टेकून बाळाच्या डोक्याचा स्कॅन काढला. चित्र मात्र त्यांनी पुन्हा पुन्हा मोठं करून पाहिलं.

"टाळू बाळाची, बाकी सगळं बाळाचं. पण हे मधलं हाड... जुळलंय. आत पोकळीसुद्धा आहे. छे, यंत्राचा काहीतरी घोळ असणार. पुढच्या आठवड्यात परत काढू."

यंत्राचा घोळ नाही, हे तिला ठाऊक होतं. घोळ टबाचा होता.

दुपारी नवरा कामावर गेलेला, सासूबाईंचा डोळा लागलेला. तिनं टबात कोमट पाणी घेतलं. त्या बाईची सगळी हाडं तळाशी मांडली, मधोमध ते तीन तुकडे. बाळाच्या मानेखाली तळवा घट्ट धरून तिनं त्याला अलगद पाण्यात उतरवलं.

"बाई गं, तू जी कोण असशील ती," ती कुजबुजली. "तुझं तू घे. माझं मला दे."

बाळानं तिच्याकडे पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं. सासरी निघालेल्या मुलीकडे आई बघते तसं. मग त्याच्या पापण्या सावकाश मिटल्या, आणि पाण्याखालून कुरकुर ऐकू आली. वाटाणे तर तिनं केव्हाच फेकून दिले होते.

दुसऱ्याच क्षणी पोरीनं टाहो फोडला.

सासूबाई धडपडत आल्या. "काय झालं? पडली का?"

"नाही हो आई. रडतेय. नुसती रडतेय!" आणि ती स्वतःच हसत हसत रडू लागली.

टबाच्या तळाशी एक अखंड वाघूळ पंख पसरून बसलं होतं. तळव्याएवढं.

पुढच्या स्कॅनमध्ये सगळं वयाला साजेसं निघालं. "म्हटलं नव्हतं, यंत्रच!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पोरगी पुन्हा घर डोक्यावर घेऊ लागली, आणि ती पुन्हा दचकून उठून बाळाच्या नाकाशी बोट धरू लागली. आता तिच्याकडे कोणी बघत नव्हतं.

कवटी तिनं जुळवली. वाघूळ आपल्या जागी बिनबोभाट बसलं. तयार कवटीचं तोंड भिंतीकडे करून ठेवायची बाबांची रीत होती. तिनं तसंच ठेवलं. मग कवटी उचलून पाळण्याच्या खोलीत आणली, उंच फळीवर ठेवली आणि तिचं तोंड पाळण्याकडे वळवलं.

कॉलेजातून फोन आला. "ताई, झाली का आमची कवटी?"

"नाही हो," वाळून खडखडीत झालेल्या जोडावरून बोट फिरवत ती म्हणाली. "गोंद अजून ओलाच आहे."