सुचित्राचं भाषण, बाबांची पाठ

परिचारिका दिनाचं भाषण मिळालं आणि सुचित्राच्या अंगात वारं शिरलं. शारजातल्या एका खासगी हॉस्पिटलात ती वॉर्ड इनचार्ज. समारंभाला वरचे साहेब येणार होते आणि मेट्रनची जागा रिकामी होती. मग काय विचारता!

विषय तिनेच निवडला, क्रिमियाच्या लढाईतल्या परिचारिका. दिवा घेतलेली बाई सगळ्या जगाला ठाऊक. सुचित्राला बोलायचं होतं तिच्याबरोबरच्या बायांबद्दल. बोटीने परमुलखात गेलेल्या, सैनिकी इस्पितळात डॉक्टरांनी नाकं मुरडली तरी बाह्या सरसावून फरशा घासणाऱ्या, कुजक्या चादरी धुणाऱ्या. सुचित्राही परमुलखात आलेली, त्यामुळे त्यांच्यात ती स्वतःला बघत होती. जरा जास्तच बघत होती.

श्रोता घरातच होता, सासरे गुणवंतराव. पक्षाघाताने उजवी बाजू गेलेली, बोलणं अडखळतं, कान मात्र शाबूत. शारजाच्या रोल्ला भागातल्या फ्लॅटच्या हॉलमध्येच त्यांचा पलंग होता. ड्यूटीवरून आली की सुचित्रा पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून सुरू करी. संपलं की बाबा डाव्या हाताने पलंगाच्या दांड्यावर थापा मारत. एका हाताने टाळ्या वाजवायच्या तर दुसरं काय करणार?

निनाद, तिचा नवरा, त्यांना कुशीवर वळवायला आला की बाबा मान हलवत. कुशीवर वळलं की तोंड भिंतीकडे जाई आणि सूनबाई दिसत नसे.

"राहू दे रे," सुचित्रा म्हणे. "एवढं एकदा म्हणून होऊ दे, मग मी बघते."

हमरियातल्या नोकरीवरून थकून आलेल्या निनादला तेवढंच हवं असे. घरात नर्स असताना आपण कशाला डोकं घालायचं? आणि भाषण झालं की सुचित्रा वाक्यं खोडण्यात गुंगून जाई. हॉस्पिटलात शिफ्ट बदलताना प्रत्येक पेशंटचं काय झालं, काय राहिलं, हे दुसरीला सांगितल्याशिवाय ती कुणाला घरी सोडत नसे. घरी कोणीच कोणाला काही सांगितलं नाही.

समारंभाच्या दुपारी तिने बाबांचं अंग पुसायला घेतलं. माकडहाडावरची कातडी सोलून निघाली होती, मध्ये ओला खड्डा पडला होता. बेडसोअर, कूस न बदलता पडून राहिल्याने होणारी जखम. वॉर्डात नुसती लाली दिसली तरी ती पोरींना फाडून खायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

"निनाद, बाबांना कोण वळवत होतं?"

"तूच ना? मला वाटलं यू आर मॅनेजिंग."

तिने जखम साफ केली, ड्रेसिंग केलं, बाबांना भिंतीकडे वळवलं. "मी नाही जात," ती म्हणाली.

"जा," बाबा म्हणाले. "छान... झालंय."

शेजारच्या मरियमबी बाबांपाशी बसायला आल्या होत्या. "जा गो तू. कधी, कसं वळवायचं तेवढं सांग." सुचित्राने सगळं नीट सांगितलं. हे निनादला आठवडाभरापूर्वी सांगायला हवं होतं.

स्टेजवर ती चुकली नाही. "त्या युद्धात गोळीने मेले त्याहून जास्त शिपाई रोगराईने आणि हेळसांडीने मेले," असं म्हणून ठरवल्याप्रमाणे थांबली. हॉल टाळ्यांनी भरून गेला. साहेबही वाजवत होते. घरातल्या हेळसांडीचं खरं बोलायचं असतं, तर तेव्हाच बोलता आलं असतं. ती हसली आणि पुढचं वाक्य म्हणाली.

"मम्मा, यू वेअर ऑसम!" लेक ईश्वरी गळ्यात पडली. "यल्ला, चल, सेल्फी!" फोटोत सुचित्रा खाली बघतेय.

घरी बाबा भिंतीकडे तोंड करूनच होते. मरियमबींनी एकदा कूस बदलून पुन्हा तसंच निजवलं होतं.

"टाळ्या... कुठे पडल्या?"

"हेळसांडीच्या वाक्याला."

"तेच... मलाही आवडतं. म्हण ना."

"त्या युद्धात..." तिने सुरुवात केली. पुढचं येईना. "बाबा, माझं चुकलं. मी तुम्हाला श्रोता करून ठेवलं. तुम्ही पेशंट आहात, हे विसरले. आणि तिथे सगळ्यांसमोर हसले."

बाबांना वाटलं असावं, भाषण संपलं. डावा हात चाचपडत दांड्यापाशी गेला आणि थापा मारू लागला.

सुचित्राने तो हात घट्ट धरला. "नको बाबा. टाळ्या नको."