बझाल्तोवरची रेघ

परभणीत बन्सीधर सराफाच्या दुकानात मी खिशातून काळा दगड काढत होतो, तेवढ्यात मैत्रेयीचा, माझ्या मुलीचा, फोन आला. आई गेली. स्वयंपाकघरात पडली ती उठलीच नाही. मी दगड परत खिशात ठेवला आणि घरी आलो.

दगड अंगणातला. माझ्या बायकोनं, सुमंगलानंच निवडलेला. शाळेतून निवृत्त झाल्यावर ती मोबाइलवर एस्पेरांतो शिकत होती. ती कुठल्या देशाची भाषा नाही. सगळ्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून एका माणसानं बनवलेली आहे. तिच्या गटात दर रविवारी कुणीतरी एका शब्दाचं मूळ सांगायचं. तिनं 'बझाल्तो' घेतला. म्हणजे आपल्याकडचा काळा दगड.

"युरोपातल्या भाषांतून आलाय," त्याच दिवशी सकाळी चहा गाळता गाळता ती म्हणाली. "त्याच्या मागं लॅटिन. अन् लॅटिनच्या मागं बहुतेक ग्रीक शब्द, जुन्या पोथ्यांच्या नकला करताना बदललेला. त्याचा अर्थ कसोटीचा दगड. सोनं घासून बघायचा."

"मग आपलं सगळं अंगण सराफाला देऊन टाकू."

"हसायलात काय? ही माझी अंगठी न्या. बन्सीधरला म्हणावं, ह्या दगडावर घासून दाखव. रेघ उमटली का न्हाई, तेवढं मला रविवारी सांगायचंय."

स्मशानात मडक्याला भोक पाडायला गुरुजींनी दगड मागितला. माझा हात खिशात गेला. मी दिला. तोच मग जीवखडा होतो, दहाव्यापर्यंत त्याच्यावर पाणी घालतात आणि नदीत सोडतात. हे मला माहीत होतं. तेव्हा सुचलं नाही.

दहाव्याला गंगाखेडला गोदावरीवर गेलो. मैत्रेयी हळूच म्हणाली, "बाबा, अंगठी आहे ना? सोडायच्या आधी एक रेघ ओढा."

गुरुजींनी ऐकलं. "खड्यावर आता तीळ अन् पाणी. दुसरं काही नको, उद्धवराव."

"मग घरी दुसरा दगड घेऊ," मैत्रेयी म्हणाली.

"तिनं हा निवडला होता," मी म्हणालो, आणि खडा पाण्यात सोडला.

नंतर गटातून सुमंगलाच्या मोबाइलवर विचारणा आली. मैत्रेयीनं आई गेल्याचं कळवलं. शब्दाबद्दल काही लिहिलं नाही. अंगठी माझ्याकडंच आहे. रेघ उमटते का, ते बघायचं राहिलं.