पुठ्ठ्यांचे खण

दादा रविवारी येणार म्हटल्यावर रजा घेऊन आलेल्या ठमीनं शनिवारी सकाळीच आईचं कपाट आवरायला काढलं. ठमी हे तिचं घरातलं नाव. नोकरीला लागून केस पिकायला आले तरी बाबांच्या तोंडून ते सुटलं नव्हतं. दादाचं म्हणणं सरळ होतं. डोळ्यांनी जवळजवळ काही दिसत नसताना बाबा एकटे कसं करतात ते एकदा बघतो. जमत असेल तर राहू देत, नाहीतर सोमवारी माझ्याबरोबर. बाबांना हे घर सोडायचं नव्हतं. आई गेल्यापासून ते त्यांनी एकदाच बोलून दाखवलं होतं, तेही थट्टेत. "दादासाहेबांच्या बाराव्या मजल्यावर मी काय करू? खाली बघावं तर दिसत नाही, आणि वर बघायला अजून वेळ आहे."

कपाटातले ड्रॉवर म्हणजे आईचा कारभार. पहिला ओढला आणि ठमीनं कपाळाला हात लावला. बुटांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून आईनं आत उभे-आडवे अडकवले होते, त्यांचेच खण. एकाही पुठ्ठ्याची कड धड नव्हती. एकाला करवतीसारखे दाते, एकाची कड दुमडलेली, एकाला जाड दोऱ्याचे टाके, एकाला मधोमध खाच. आणि आतलं सामान तर विचारूच नका. नेलकटरला खेटून मेणबत्ती, सुयांच्या डबीत पेन्सिल, डोळ्यांच्या थेंबांशेजारी घराच्या चाव्या.

"आई पण ना," ती पुटपुटली.

येताना तिनं खण पाडायला प्लास्टिकच्या पांढऱ्या सरकत्या पट्ट्या आणल्या होत्या. दुपारपर्यंत तिन्ही ड्रॉवर दुकानातल्या काचेमागच्या मालासारखे दिसायला लागले. औषधांत औषधं, शिवणात शिवण, विजेच्या सामानात विजेचं सामान. पुठ्ठे फाडून तिनं पिशवीत कोंबले आणि खाली उभ्या असलेल्या कचऱ्याच्या गाडीत टाकून आली.

"काय उलथापालथ चाललीय गं ठमे?" बाबांनी रेडिओचा आवाज कमी करून विचारलं.

"तुमच्यासाठीच करतेय. आता हात घालाल तिथं वस्तू सापडेल."

"अगं, आत्ताही तिथंच सापडते."

ती हसली. बाबा आईची बाजू घेतायत, असं तिला वाटलं.

संध्याकाळी ते थेंब घालायला उठले. ड्रॉवर ओढला, बोट वरच्या कडेवरून हळूहळू सरकवलं आणि थांबले. पुन्हा सुरुवातीपासून सरकवलं.

"पुठ्ठे कुठायत?"

"टाकले. अगदीच कुरतडल्यासारखे झाले होते. का?"

बाबा पलंगावर बसले. "दात्यांच्या पुढं डोळ्यांचं औषध, टाक्यांच्या मागं कानाचं. माझं दिसणं कमी व्हायला लागलं तशी तुझी आई एकेक कापून हातात द्यायची. ओळखा म्हणायची. चुकलं की चहा नाही." ते जरासे हसले. "पहिले काही दिवस चहावाचून फार हाल झाले."

ठमी जिने उतरून धावली. गाडी केव्हाच गेली होती, रस्ता झाडून स्वच्छ झाला होता.

वर येऊन तिनं पट्ट्यांचं खोकं कापायला घेतलं. "सांगा बाबा. दाते कुठून सुरू व्हायचे? खाच कशाला होती?"

"असं तोंडानं नाही गं सांगता येत. हात जायचा."

"मग हात नेऊन बघा."

बाबांनी हात पुढं केला. तो उघड्या ड्रॉवरवर थोडा फिरला. "इथं नेलकटर. नाही, इथं मेणबत्ती. का ती खालच्यात?" हात तसाच अधांतरी राहिला. ठमीनं डोळे मिटून सकाळचा ड्रॉवर आठवायचा प्रयत्न केला. तिनं तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, एकेक वस्तू स्वतः उचलली होती, आणि तिच्या लक्षात राहिलं होतं ते एवढंच, की सगळा पसारा होता. जिला विचारायचं, ती नव्हती.

शेवटी तिनं डोळ्यांच्या बाटलीला रबर गुंडाळलं. "रबर म्हणजे डोळे, बाबा."

"रबर म्हणजे डोळे," ते शाळेतल्या मुलासारखे म्हणाले. जेवताना मध्येच त्यांनी विचारलं, "रबर कानाच्या बाटलीला ना?"

रविवारी दादा आला. "काय ड्रायव्हरसाहेब, गाडी कशी चाललीय?" बाबांनी जन्मभर बस चालवली होती.

"एकदम गुळगुळीत! बस, मी थेंब घालून येतो."

त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. जेवणाआधी थेंब घालायची वेळही नव्हती. ठमीला ओरडावंसं वाटलं, पण दादासमोर त्यांना अडवणंही तितकंच वाईट होतं. बाबांचा हात सवयीनं डाव्या कोपऱ्यात गेला. तिथं दोऱ्याची रिळं होती. मग उजवीकडं गेला, मग मध्ये. बाटली सापडली. त्यांनी मान मागे टाकली.

"बाबा! कानाचं आहे ते!" दादानं मनगट धरलं.

"चूक माझी आहे, दादा," ठमी म्हणाली. "आईनं खुणा करून ठेवल्या होत्या. मीच काल सगळं…"

"चूक कुणाची का असेना, ठमे. मी नसतो तर?" तो चिडलेला नव्हता. घाबरला होता.

"मी रजा वाढवते. शिकवते त्यांना परत."

"आईला किती दिवस लागले होते?"

ते तिला माहीत नव्हतं. तेव्हा ती इथं नव्हतीच.

"तिला कशाला बोलतोस रे?" बाबा म्हणाले. "माझंच लक्ष नव्हतं. म्हातारा झालो मी, एवढंच." हा शब्द त्यांनी स्वतःसाठी पूर्वी कधी वापरला नव्हता. "येतो तुझ्याकडे."

सोमवारी दादा गाडी काढायला खाली गेला. ठमीनं बॅग उघडली.

"बाबा, कुठला स्वेटर घेऊ? निळा की करडा?"

"तुला बरा वाटेल तो घे."

"आणि रेडिओ?"

"तुला बरं वाटेल तसं कर गं."

ते पलंगाच्या कडेला बसले होते, दोन्ही हात मांडीवर. बॅग भरून होईपर्यंत ते हात तिथून हलले नाहीत.