भाऊजींच्या छातीतली कळ

मी रुग्णवाहिकेवर काम करायचं ठरवलं तेव्हा थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, पोट धरून हसले होते. "हमालीच करायची होती तर बारावी सायन्स कशाला केलीस?" पुढे कोर्समध्ये रबरी पुतळ्याची छाती दाबून माझी मनगटं सुजली, अपघात विभागात उभं राहून पाय भरून आले, लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्ही परीक्षा पार पडल्या. भाऊजींच्या लेखी मी हमाल ती हमालच.

आणि एका सकाळी त्यांच्याच घरून कॉल आला. छातीत दुखतंय.

मी आणि ड्रायव्हर सामान घेऊन धावत जिना चढलो. भाऊजी पलंगावर उताणे. डोळे मिटलेले, केस मात्र नीट विंचरलेले. त्यांनी एक डोळा उघडला.

"तू? मोठं कोणी नाही पाठवलं?"

"मीच आहे. शर्ट काढा."

नाडी, रक्तदाब, सगळं ठणठणीत. ईसीजीचा आलेखही अगदी पुस्तकातल्यासारखा. रात्री काय खाल्लं, असं विचारलं तर उत्तराआधी ढेकर आली.

"बघ, किती सोसतोय मी," ते कण्हले आणि लगेच खेकसले, "अगं, पाणी आण! केव्हाचं सांगतोय!"

ताई पाणी घेऊन आली आणि दाराला टेकली. वर पंखा गरगरत होता आणि तिचा गळा घामाने थबथबला होता. चेहरा पांढराफटक. एका हाताने ती जबडा चोळत होती.

"ताई, कधीपासून?"

"पहाटेपासून दाढ ठणकतेय. जरा मळमळतंय. आधी यांचं बघ."

"तिचं रोजचंच रडगाणं आहे," भाऊजी म्हणाले.

मी त्यांच्या छातीवरच्या पट्ट्या केसांसकट उपटल्या. ताईला खुर्चीत बसवून तारा तिला जोडल्या. ईसीजी बघून माझा चेहरा पडला तसा ड्रायव्हर न विचारताच स्ट्रेचर आणायला पळाला. फोनवर डॉक्टरांना विचारून मी ताईला ॲस्पिरिन चावायला दिली.

"अगं, स्ट्रेचर तिला? मग मी कशावर झोपू?"

"आहात तिथेच झोपा."

ताई वाचली. हृदयाची बंद झालेली नळी वेळेत उघडली. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये गेले तर भाऊजी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "आमचं काळीज एकच. म्हणून आधी कळ मला आली!"

ताईने डोळे न उघडता मला विचारलं, "भेटायची वेळ कधी संपते गं?"