गादीकाठची खुर्ची

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका लहानशा कॉलेजच्या व्यायामशाळेत, प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालच्या अंधारात सध्या माझा मुक्काम आहे. शेजारी फाटक्या गाद्या, एक बिघडलेला गुणफलक आणि भरपूर धूळ. बाहेर कुस्त्या रंगल्या की वर प्रेक्षकांचे पाय आपटल्याचे आवाज येतात आणि माझ्या अंगावर आणखी धूळ गळते. मित्रांनो, इथे बोलायला कोणी नाही. म्हणून तुमच्याशी बोलते.

माझा जन्म याच इमारतीतला. इथली जुनी लाकडी जमीन उखडली तेव्हा तिच्या मेपलच्या फळ्या सुतारकामाच्या वर्गात गेल्या आणि त्यांतून मी घडले. माझ्या बैठकीवर अजून एक काळी रेघ आहे. पूर्वी ती बास्केटबॉलच्या मैदानाची हद्द होती. मला तिचा थोडा गर्वही आहे.

मला बनवले ते एका खास माणसासाठी. आमच्याकडे खेळाडूंवर लक्ष ठेवायला प्राध्यापकांपैकीच एकाला नेमतात. पोरे वर्गात बसतात का, पुरेसे विषय घेतात का, नियम पाळतात का, हे त्याने पाहायचे. आमच्या कॉलेजची रीत अशी, की घरच्या मैदानावर कुस्तीचा सामना असला की हा प्राध्यापक खेळाडूंच्या बाकाच्या टोकाला, गादीच्या काठाशी माझ्यावर बसे. पहिली कुस्ती लागण्याआधी कोच चालत येत आणि सगळ्यांदेखत विचारत, "सगळं ठीक?" प्राध्यापकाने मान डोलावली की टाळ्या पडत, बँड वाजे आणि कुस्ती सुरू होई. वर्षानुवर्षे ती मान होकारच देत आली. लोकांना तो होकार बँडचाच एक भाग वाटू लागला होता.

माझ्यावर बसलेल्या प्राध्यापकांत मला सर्वांत जवळच्या होत्या हूक्स्ट्रा बाई. त्या भूगर्भशास्त्र शिकवत आणि कोटाच्या खिशात दगड घेऊन फिरत. बसल्या की ते माझ्या पाठीवर टकटक आपटत. बाईंना दोन्हीकडून बोलणी खावी लागत. प्राध्यापकांच्या खोलीत म्हणत, "आल्या कुस्तीवाल्यांच्या बाई!" आणि पहिलवान कुजबुजत, "सरळ बसा रे, पोलीस आला." बाई दोन्हीकडे हसत आणि डबा मात्र एकट्याच खात. मला त्यांचे फार वाईट वाटे.

एकच जण न चुकता त्यांची विचारपूस करी. डेलोरेस. तिचा मुलगा ओरिन आमचा सर्वांत वजनदार गटातला पहिलवान. डेलोरेस सामन्याच्या दिवशी पातेलेभर चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचे गोड रोल घेऊन येई. त्यातला एक रोल कागदात गुंडाळून आधीच माझ्यावर ठेवी. "तुमच्या बाईंना सांगा, गरम आहे तोवर खा," असे ती बाकावरच्या पोरांना बजावी.

त्या शनिवारी हंगामाचा शेवटचा सामना होता. जिंकलो तर विजेतेपद आमचे होणार होते. ओरिनचे हे कॉलेजचे शेवटचे वर्ष, म्हणजे ही त्याची शेवटची कुस्ती. गाव लोटले होते. पोरे अंग मोकळे करत होती, तेवढ्यात बाई आल्या. त्यांनी माझ्यावरचा रोल उचलून खाली ठेवला, पण त्या बसल्या नाहीत. त्यांनी ओरिनला हाक मारली.

"काल वर्गात दिसला नाहीस."

"तुमचा विषय सोडला, बाई. काल सकाळीच कचेरीत जाऊन नाव काढून आलो."

"कचेरीची चिठ्ठी आज सकाळी मला मिळाली. पण का?"

ओरिन आपल्या बुटांकडे बघू लागला. "काठावर होतो ना मी. पास झालो असतो तर लोक म्हणाले असते, बाईंनी आपल्या पहिलवानाला वर ढकललं. म्हटलं, आपल्यापायी बाईंच्या डोक्याला ताप नको."

बाईंचा हात माझ्या पाठीवर होता. त्याची पकड घट्ट झाली.

"अरे वेड्या, चांगला पास होत होतास तू! विचारायचंस तरी. आता तुझे विषय कमी पडतात. तू पूर्ण वेळचा विद्यार्थीच राहिला नाहीस. आज तुला गादीवर उतरता येणार नाही."

"मग परत घेतो की विषय."

"मुदत गेली, बाळा. सोडता येतो, परत घेता येत नाही."

कोच कुबिचेक धावत आले. "बाई, कचेरी बंद आहे आज. सोमवारी बघा ना ते. कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय, कुबिचेक."

"त्याची शेवटची कुस्ती आहे हो! पोराकडे बघा जरा."

"माझ्याही वर्गातलं पोर आहे ते."

"होतं," कोच फटकन म्हणाले आणि निघून गेले.

चारचौघांत बाई नाही म्हणायला धजणार नाहीत, असे त्यांना वाटले असावे. कारण वेळ झाल्यावर ते नेहमीसारखे चालत आले आणि मोठ्याने म्हणाले, "सगळं ठीक?" बँडवाल्यांनी वाद्ये तोंडाशी नेली. बाईंनी नकारार्थी मान हलवली.

बँड वाजलाच नाही. ओरिनचे नाव काढूनच कुस्त्या लागल्या. आमची पोरे जिवाच्या आकांताने लढली आणि शेवटच्या जोडीपर्यंत आम्ही थोडे पुढे होतो. ती जोडी ओरिनची. समोरचा पहिलवान गादीवर एकटाच उभा राहिला, पंचांनी त्याचा हात वर केला, न लढताच सहा गुण तिकडे गेले आणि त्याबरोबर सामनाही.

लोक बाईंकडे न बघता बाहेर पडले. शेवटी डेलोरेस आली. तिने माझ्या पायाशी ठेवलेला रोल उचलला, पिशवीत टाकला आणि निघून गेली. मागे माझ्यावर बसलेल्या बाई तेवढ्या उरल्या. मी लाकडाची. मला कोणाच्या पाठीवर हात ठेवता येत नाही.

सोमवारी दुपारी बाई पुन्हा आल्या. सामना नाही, सराव नाही. कोटही न काढता त्या माझ्यावर बसल्या. थोड्या वेळाने दार वाजले आणि ओरिन आत आला.

"माझा राग आहे तुमच्यावर," तो म्हणाला.

"असू दे."

"आईचा तर फारच आहे."

"ते कळलं मला. रोल परत गेला."

ओरिनला हसू आवरले नाही. मग तो आपला तो अवाढव्य देह घेऊन खाली जमिनीवर बसला आणि त्याने माझ्या पायाला पाठ टेकली.

"शुक्रवारी काय शिकवलंत, बाई? आज वर्गात मागे येऊन बसलो होतो, काही डोक्यात शिरलं नाही."

"पाहिलं मी तुला. पण तू तर विषय सोडलास ना?"

"सोडलाय हो. पण गेल्या आठवड्यात ती हिमनदी अर्ध्या आयोवात येऊन थांबली होती. पुढं तिचं काय झालं, ते तरी कळायला नको?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग खिशातला दगड जमिनीवर ठेवला आणि हाताचीच हिमनदी करून तो हळूहळू मागे सरकवू लागल्या.

पुढे बाई निवृत्त झाल्या. आता हे काम संगणकावर होते आणि प्राध्यापक वर काचेच्या खोलीत बसतात. ती रीतही मोडली. कोणीतरी मला उचलून इथे आणून ठेवले. तरी सामना सुरू होण्याआधी वर क्षणभर शांतता पसरते, तेव्हा मला अजून वाटते, आता कोणीतरी विचारील.

मित्रांनो, माझी धूळ पुसायला कोणी आले नाही तरी चालेल. पण तुमच्यात कधी कोणी एकट्याने "नाही" म्हटले, तर सामना संपल्यावर त्याला तसेच टाकून जाऊ नका. राग असेल तर राग घेऊन जा, पण जवळ जाऊन बसा. खुर्ची एकच असली, तर जमिनीवर बसा.