डाव्या कानातली साक्ष

मी हेडफोनचा अ‍ॅम्प्लिफायर. नाव ऐकून दबकू नका, दिसायला मी साबणाच्या डबीएवढाच आहे. पुढे एक गोल बटण, एक हिरवा दिवा, मागे वायरी. माझं कामही सांगायला सोपं. कॉम्प्युटरातून बारीक, अर्धपोटी आवाज येतो. त्याला मी अंगापिंडानं भरतो आणि हेडफोनमधून माणसाच्या कानापर्यंत नेऊन सोडतो. पुढे त्या आवाजाचं काय करायचं ते माणसानं बघावं.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. ओळीनं बायका बसलेल्या, प्रत्येकीच्या डोळ्यांपुढे दिव्याचं भिंग. जिनं मला जोडलं ती कामात असली की तोंडातून ब्र काढायची नाही, पण काम झालं की माझ्यावर हळूच फुंकर घालायची. गरम भाताच्या घासावर घालतात ना, तशी. माझ्या पोटात दोन वाटा आहेत, एक डावी, एक उजवी. दोघी जुळ्या. एकीला जेवढं, तेवढंच दुसरीला. त्यात केसाएवढा फरक निघाला तर दाराबाहेर सोडत नाहीत. मला तपासणाऱ्या माणसानं दोन्ही बाजू ऐकल्या, मान हलवली आणि मला खोक्यात घातलं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे आळ माझ्यावर आला.

माझा पहिला मालक बँकेत नोकरी करायचा. हौशी म्हणजे किती हौशी. मला घरी आणलं आणि ऐकायच्या आधी नुसतंच चालू ठेवून दिलं. गाणी सुरू, हेडफोन टेबलावर, आणि स्वारी कामावर. का, तर म्हणे नवीन यंत्र आधी चांगलं मुरावं लागतं, मग त्याचा आवाज मोकळा होतो. मी आपला रिकाम्या खोलीत दिवसच्या दिवस गात बसलो. भिंतीवर एक पाल होती, तेवढीच काय ती ऐकणारी.

मग त्यानं ऐकायला घेतलं. पण गाणं ऐकायचाच नाही हो, मला ऐकायचा. एकच ओळ पुन्हा पुन्हा लावायची, डोळे मिटायचे, आणि म्हणायचं, "जरा कोरडा वाटतोय." वायर बदलायची, पुन्हा तीच ओळ. "आता जास्तच ओला झाला." गाणारी बिचारी त्या ओळीच्या पुढे कधी जाऊच शकली नाही. शेवटी माझ्याहून जड, माझ्याहून दोन दिवे जास्त असलेला एक भाऊबंद त्याला आवडला आणि मी खणात जाऊन पडलो.

तिथून मला बाहेर काढलं ते त्याच्या मावशीसाठी.

ही मावशी घरी बसून कोर्टाचं काम करायची. कोर्टात साक्षी होतात, त्या ध्वनिमुद्रित होतात. ते ऐकून शब्दन् शब्द टाइप करायचा, हे तिचं काम. पायाखाली एक पेडल असतं. दाबलं की आवाज चालतो, सोडलं की थांबतो. त्याच खोलीत तिच्या डाव्या हाताला तिच्या नवऱ्याचं, म्हणजे काकांचं, शिलाई मशीन. काका सोफ्याच्या, खुर्च्यांच्या गाद्या आणि खोळी शिवायचे. त्यांच्याही पायाखाली पेडल. भाचा आला की चेष्टा करायचा, "या घरात दोघंही पायानं कमावतात, हात नुसते शोभेला."

त्या दिवशी भाच्यानं मला टेबलावर ठेवलं तेव्हा मावशी हसली नाही. काका बाहेर खोळी पोचवायला गेले होते. तिनं दार नीट लागलंय का पाहिलं आणि म्हणाली, "खरं सांगू का, माझा डावा कान गेलाय."

"काहीतरीच काय मावशी."

"आईचं असंच झालं होतं. याच वयात, आधी डावाच. मागे सर्दी झाली, तेव्हापासून कामाला बसलं की या बाजूनं सगळं विहिरीच्या तळातून आल्यासारखं येतं. काकांना बोलू नकोस."

"डॉक्टरला दाखव की."

"दाखवीन," ती म्हणाली. पण ते 'दाखवीन' असं होतं की भाच्यानंही ओळखलं, ही काही जायची नाही. भ्यालेल्या माणसाचं तसंच असतं. डॉक्टरनं तोंडानं सांगेपर्यंत तरी कान आपलाच असतो ना.

"बरं, हा लावून बघ," भाचा म्हणाला. "मेलेल्या आवाजात जीव आणतो. फक्त थोडा धीर धर. तुझा हेडफोन याला नवीन आहे, दोघांचं जुळायला वेळ लागेल."

त्यानं वायरी जोडल्या आणि गेला. मावशीनं हेडफोन डोक्यावर चढवला, पेडल दाबलं, आणि मी माझ्या दोन्ही वाटांनी सारखाच आवाज सोडला. उजवा पोचला. डावा गेला, आणि कशावर तरी धप्पकन आपटून अडला.

आणि तिथल्या तिथे मला सगळं कळलं. कान तिचा गेला नव्हता, वाट बंद होती.

झालं होतं असं. हेडफोनच्या कानाला टेकणाऱ्या जुन्या गाद्या झडायला लागल्या होत्या. काळे कण मावशीच्या केसांत, गालावर चिकटायचे. काकांना ते बघवेना. घरात गादीवाला असताना बायकोच्या कानाला फाटकी गादी, हे त्यांच्या धंद्याला शोभणारं नव्हतं. त्यांनी नव्या शिवल्या. मऊ फोम, वरून छान कापड, कडेला बारीक पाइपिंग. पण आयुष्यभर खुर्च्यांच्या गाद्या शिवलेला हात तो. गादी म्हटली की ती सगळीकडून बंद, आतून रेक्झिनचं अस्तर. मधलं भोक मोकळं ठेवायचं असतं हे त्या हाताच्या गावीच नव्हतं. डावी गादी आधी शिवली, तिला रेक्झिन पुरलं. उजवीच्या वेळी तुकडा संपला, म्हणून तिला नुसतं विरळ कापड लावलं. तेवढ्यानं उजवा कान वाचला. आणि हे सगळं मावशीच्या सर्दीच्याच दिवसांत झालं, म्हणून गाद्यांवर संशय घ्यायचं तिच्या मनातही आलं नाही.

शिवून झाल्यावर काका कौतुकानं म्हणाले होते, "पाणीसुद्धा आत जायचं नाही, असं शिवलंय." मावशी नंतर हे भाच्याला फोनवर हसत सांगत होती, म्हणून मला ठाऊक. पाणी राहू द्या, आवाजही जात नव्हता. आणि मला हे सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक असून माझ्या तोंडाला कुलूप. दुसऱ्याचा आवाज मोठा करणं हा माझा जन्म, स्वतःचा म्हणून एक शब्द नाही.

कोर्टाच्या खोलीत दोन माइक असतात. वकिलाचा आवाज उजवीकडून येतो, साक्षीदाराचा डावीकडून. म्हणजे मावशीला प्रश्न ऐकू यायचे आणि उत्तरं नाहीत. जे ऐकू येत नाही तिथे 'अस्पष्ट' असं टाइप करायचा नियम आहे. तिच्या पानांवर 'अस्पष्ट' असं पसरलं होतं, जसं भिंतीला ओल धरावी.

एका सकाळी तिच्या वरच्या बाईंचा फोन आला. मावशीनं तो उजव्या कानाला धरला, ती धरायचीच उजव्याला.

"अहो, तुमच्याकडे कधी 'अस्पष्ट' यायचंच नाही," त्या म्हणाल्या. "गोदामाच्या आगीची साक्ष तुम्हाला मुद्दाम दिलीय. पाकिटं भरणारी बाई आहे, हळू बोलते. तिचं म्हणणं नीट उतरलं नाही तर कोर्टाच्या हातात काही राहणार नाही. सोमवारी पानं द्या. जमत नसेल तर तसं सांगा, मी दुसऱ्या कुणाला देते. पण मग पुढचं कामही तिकडेच जाईल."

"जमेल," मावशी म्हणाली. आणि फोन ठेवला. मशीनवरून काकांनी विचारलं, "कोणाचा फोन होता?" ती टाइप करायला लागली. काकांनी पुन्हा विचारलं नाही.

मग सुरू झाली माझी सत्त्वपरीक्षा. मला मुरू द्यायचं म्हणून तिनं मला कामाशिवायही चालू ठेवायला सुरुवात केली. काका बघायचे, हेडफोन टेबलावर, आणि आत कुणीतरी गातंय.

"कोण ऐकतंय हे?"

"कुणी नाही. तो मुरतोय."

"अच्छा," काका म्हणाले. "म्हणजे घरात आता बोलायचं आपल्याशी नाही, डबीशी."

तिनं पाठ फिरवली. काका मशीनवर बसले. मशीन तेवढं जोरात चाललं.

रोज ती आशेनं हेडफोन चढवायची आणि माझं बटण काल होतं त्याच्या जरा पुढे न्यायची. भाच्याला फोन करायची, "अरे, अजून डावीकडे जुळलं नाही बघ." तो म्हणायचा, "मग कदाचित डबीची डावी बाजू गेली असेल, मावशी." घ्या. त्या खोलीतल्या बाईनं फुंकर घालून दिलेली माझी डावी वाट, आणि तिला हा म्हणतो गेली. मला राग यायला हवा होता, पण मावशीचा चेहरा बघून तोही आला नाही. बिघाड माझ्यात असावा, अशी ती मनोमन प्रार्थना करत होती.

रविवारी दुपारी काका मशीन सोडून जमिनीवर बसले होते, एका खुर्चीच्या गादीला हातशिलाई घालत. त्यामुळे खोलीत शांतता होती. मावशीनं उजवी बाजू कानावरून सरकवून कपाळाशी ठेवली, त्या कानात कापसाचा बोळा घातला, डावी तेवढी कानावर घट्ट दाबून धरली आणि माझं बटण पार टोकाला नेलं. जन्मात मी इतकं ओरडलो नव्हतो. तिच्या त्या हेडफोनला बाहेरच्या अंगाला जाळी आहे. आत जायला वाट नाही म्हटल्यावर गोदामातल्या बाईचा आवाज त्या जाळीतून खोलीत सांडला.

मावशी ओठ चावत बसली होती. तिनं टाइप केलं, 'अस्पष्ट'.

जमिनीवरून काका म्हणाले, "अगं, सांगतेय की ती. कडी बाहेरून लावली होती म्हणतेय."

मावशीचा पाय पेडलवरून सुटला. "कोण?"

"तुझ्या कानातली बाई."

"तुम्हाला ऐकू आलं?"

"मशीन बंद आहे. न यायला काय झालं?"

मग तिचा बांध फुटला. "मला नाही आलं हो. मला या कानानं काहीच येत नाही. आईसारखं झालंय माझं."

काका सुई तशीच गादीत टोचून उठले. तिच्या डोक्यावरचा हेडफोन काढून त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घातला. "लाव बघू." तिनं पेडल दाबलं. काकांनी डोळे बारीक केले. "मलाही नाही येत."

"बघा, मग डबीच..."

"थांब. बाहेर येतंय, आत येत नाही, असं कसं होईल?" त्यांनी हेडफोन हातात घेतला आणि डाव्या गादीवर अंगठा दाबला. गादीवाल्याचा अंगठा तो. फोमच्या मागचं रेक्झिन त्याला कापडावरूनच लागलं. काकांचा चेहरा मी तेव्हा पाहिला, चोरी पकडल्यासारखा.

"अगं," ते म्हणाले, "हे मीच बंद केलंय."

तिथेच बसून त्यांनी टाके उसवले, रेक्झिनचा गोल कापून काढला, वर विरळ कापड ताणून चार टाके घातले. मावशी त्यांच्या खांद्यावरून बघत होती. मग तिनं कापूस काढून हेडफोन चढवला. मी दोन्ही वाटांनी आवाज सोडला. बटण अजून टोकालाच होतं, ती खुर्चीतून उडालीच. घाईघाईनं मला खाली आणलं, आणि अगदी हळू, कानाशी कुणी येऊन बसावं तसा, त्या बाईचा आवाज तिच्या डाव्या कानात शिरला. कडी बाहेरून लावली होती. आम्ही हाका मारल्या.

मावशीचा जीव भांड्यात पडला. माझाही.

"इतके दिवस मी बहिरी होऊन बसले होते," ती डोळे पुसत म्हणाली, "आणि तुम्ही म्हणे पाणी जायचं नाही."

"मग बोलायचं नाही का माणसानं? मला वाटलं, माझ्यावर रुसलीस. काही विचारलं तर 'हूं' नाही की 'चूं' नाही. मी तर तुझ्या बहिणीला फोन करून विचारलंसुद्धा, माझं काय चुकलंय म्हणून."

"ती काय म्हणाली?"

"म्हणाली, काहीतरी असेलच, आठवून बघा."

मावशी इतकी हसली की तिला पुन्हा डोळे पुसावे लागले. काकाही हसले, पण जरा जपूनच.

तेव्हापासून माझं आयुष्य सुखाचं चाललंय. बटण अर्ध्यापर्यंतही जात नाही. भाचा येतो, मला लावून ऐकतो आणि म्हणतो, "बघ मावशी, मी म्हटलं नव्हतं, मुरल्यावर मोकळा होतो." ती त्याला काही सांगत नाही. काकांची लाज राखते.

तुम्हाला हात जोडायला मला हात नाहीत, पण विनंती एवढीच. आपल्यातच खोट आहे असं ठरवून कोपऱ्यात झुरत बसू नका. शेजारी बसलेल्याला एकदा तरी सांगा, बघ रे, तुला येतंय का ऐकू.

त्या रविवारी मावशी जेवायचं सोडून बसली. सगळी साक्ष तिनं पहिल्यापासून ऐकली, एकेक 'अस्पष्ट' पुसून तिथे त्या बाईचे शब्द घातले. शेवटी उजवीकडून वकिलानं विचारलं, तुम्हाला आणखी काही सांगायचंय का? डावीकडे बराच वेळ काहीच आलं नाही. पूर्वी असतं तर मावशी घाबरली असती. आता ती स्वस्थ बसून राहिली, कारण ती बाई गप्प आहे हे तिला नीट ऐकू येत होतं. मग ती बाई म्हणाली, नाही. तुम्ही ऐकून घेतलंत, बरं वाटलं.

मावशीनं ते टाइप केलं, पूर्णविराम दिला आणि माझा दिवा मालवला.