मैना नावाची पोरगी इथं नाई

आमची मैनाताई स्वीडनला शिकायला जाणार, हे अकोल्यातल्या अख्ख्या जठारपेठेत मीच सांगितलं. ताईनं बजावलं होतं, "सुभे, पासपोर्ट हाती येईस्तोवर तोंड बंद." पण त्या वर्षी माझं तोंड बंद राहणं शक्यच नव्हतं. मी दहावीत होते आणि अमरावतीहून वक्तृत्वाची ढाल जिंकून आले होते, तीही पहिली! येताना एस.टी.त ती ढाल मांडीवर घेऊन बसले तर कंडक्टर म्हणाला, "कोनती लढाई मारली व बाई?" तेव्हापासून मला वाटायला लागलं, बोललं की सगळं होतं.

म्हणून मी किराणा दुकानातल्या ओमप्रकाशजींनाही सांगून टाकलं.

"स्वीडन? नागपूरच्या पुढं का?"

"पुष्कळ पुढं. बोटीनं जायचं."

"अन् शिकणार काय?"

"तिथली भाषा. आणि एका माणसाच्या डोक्यात चारपाच भाषा एकदम कशा राहतात, ते."

ओमप्रकाशजींनी गुळाचा खडा तोडला आणि म्हणाले, "माझ्या डोक्यात मारवाडी, हिंदी, मराठी तीन आहेत. भांडत नाहीत. हे शिकायला बोट कशाला?"

पण ताईचं डोकं म्हणजे ताईचंच होतं. आमचं गाव हिवरखेड. तिथून पुढं डोंगराच्या पायथ्याशी एक मिशनचा दवाखाना होता आणि आई तिथं दाईच्या हाताखाली काम करायची. दवाखान्यातल्या नर्स स्वीडनच्या, मार्ताबाई. डोंगरातून कोरकू बाया यायच्या. त्यांचं दुखणं मार्ताबाईंना कळायचं नाही आणि मार्ताबाईंचं औषध त्यांना. मध्ये आमची ताई, परकर सावरत उभी. कोरकूतून ऐकायची आणि स्वीडिशमधून सांगायची. आईशी वऱ्हाडी, शाळेत पुस्तकी मराठी, बाजारात हिंदी. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, ती नुसती उभी राहिली आणि भाषा येऊन चिकटल्या. पुढं ती अमरावतीला बी.ए. झाली. मार्ताबाई मायदेशी परत गेल्या, त्यांनी तिथल्या विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांना ताईबद्दल सांगितलं, आणि त्यांनी जागाही दिली, शिष्यवृत्तीही दिली. त्याच वर्षाची. सप्टेंबरात हजर व्हायचं.

राहिला होता फक्त पासपोर्ट. अर्जात कायमचा पत्ता लिहायचा होता. बाबा पोस्टात नोकरीला, आम्ही अकोल्यात भाड्याच्या खोलीत. बाबा म्हणाले, "भाड्याच्या घराले कायमचं कसं म्हनावं? आपलं घर हिवरखेडले हाय." आणि ऐटीत हिवरखेड लिहिलं. चौकशीला पोलीस गावी जाईल हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

मे महिन्यात मोठाई आली. मोठाई म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको, सुंदराबाई. मोठेबाबा कधीच गेले होते. तिचा एकुलता एक मुलगा, आमचा भगवंतदादा, दोन वर्षांपूर्वी पडीक जमिनीच्या सत्याग्रहात पकडला गेला होता. सुटून आला तो खोकला घेऊनच आणि चार महिन्यांत गेला. त्यानंतर मोठाई हसलेली आम्ही पाहिली नव्हती. आणि आज ती दारातूनच हसत आली! डोक्यावरचं गाठोडं बाबांच्या हातात दिलं, आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाली,

"मैने, तुयावर संकट आलं होतं, पन म्या टाळलं!"

"कोनतं व मोठाई?"

"पोलीस आला होता तुयं नाव घेऊन. हातात कागद. इचारे, मैना जानराव तायडे कोन? म्या म्हनलं, अशी पोरगी इथं नाई. कधी नव्हतीच. मंग म्हने, जानराव तायडे? म्हनलं, तो बी नाई."

बाबा गाठोडं सोडत होते. त्यांचा हात गाठीवरच थांबला.

"मंग तो शेजारच्या सूर्यभानकडे गेला," मोठाई रंगात आली होती. "सूर्यभान म्हने, मैना? ते तं पाखरू हाय साहेब, झाडावर पाहा. मंग त्यानं पार्वताबाईले धरलं. गोऱ्या लोकाइची भाषा बोलनारी पोरगी कोन म्हने. पार्वता म्हनली, आमाले आमचीच बोली धड येत नाई म्हनून शायेतला मास्तर मारते, गोऱ्याइची कुठून येईन? सारी वस्ती एक झाली पोरी! लहान लेकरानं सुदीक तोंड उघडलं नाई. गेला कागदावर लिहून, हात हालवत."

सत्याग्रहानंतर वस्तीत ही रीतच पडली होती. पोलिसानं नाव घेतलं की त्या नावाचं माणूस वस्तीत नाही. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. पण सगळे पाळत होते, आणि आजपर्यंत ती रीत एकदाही चुकली नव्हती.

आईनं पदर तोंडाला लावला. मी ओरडणार होते, पण ताईनं माझ्याकडे असं पाहिलं की माझी ढाल गळून पडली. ती मोठाईला म्हणाली, "बरं केलं, मोठाई. बस, चहा टाकते."

मी तिच्या मागं चुलीपाशी गेले. "तिला सांग ना!"

"सांगून पासपोर्ट येनार हाय का?" ताई म्हणाली आणि पाण्यात पत्ती टाकली. नंतर दुसऱ्यांदा टाकली. चहा कडू झाला. मोठाईनं तो मिटक्या मारत प्यायला.

दुसऱ्या दिवशी बाबा, ताई आणि मी पोलीस कचेरीत गेलो. मला न्यायचं नव्हतं, पण मी म्हटलं, बोलायला कुणीतरी हवंच ना! टेबलामागं वामनराव नावाचे कारकून होते. माणूस वाईट नव्हता. त्यांनी अहवाल वाचून दाखवला. सदर नावाची व्यक्ती सदर पत्त्यावर राहत नाही, पूर्वीही राहत नव्हती.

"पण ही काय समोर उभी आहे!" मी म्हटलं.

"समोर कोण उभं आहे हे मी कसं ठरवू? सगळी वस्ती नाही म्हणते."

मग मी बोलले. अमरावतीत बोलले त्याहून चांगलं बोलले. आवाज कुठं चढवायचा, कुठं थांबायचं, सगळं साधलं. बाजूचे दोन शिपाई काम सोडून ऐकत होते. माझं संपल्यावर वामनराव म्हणाले, "भाषण फार छान करता हो तुम्ही." आणि कागद तसाच राहिला.

मी ताईला ढोसलं. "तू बोलून दाखव! त्यांची भाषा बोलणारी दुसरी कोण आहे इथं?"

ताई हळूच बोलली, "याग हेतेर मैना." माझं नाव मैना. पुढंही बरंच बोलली, न अडखळता. मला एवढं कळलं की त्यात आईचं नाव होतं आणि हिवरखेडचं.

वामनरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. "असेल बाई. पण हे खरं की खोटं, अकोल्यात कोण सांगेल मला?"

कुणीच नाही. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. ताई जिथं सगळ्यांत हुशार होती, तिथं तिच्या हुशारीला साक्षीदारच नव्हता.

"नव्यानं अर्ज करा," ते म्हणाले. "पुन्हा चौकशी लागेल. वेळ जाईल मात्र."

नवा अर्ज केला. पत्ता या वेळी जठारपेठेचा. जून गेला, जुलै गेला. बाबा पोस्टात, म्हणून बाहेरदेशचं पत्र पहिल्यांदा त्यांच्याच हाती आलं. त्यांनी ते सायकलवरून आणलं आणि ताईच्या हातात देऊन अंगणातच उभे राहिले. जागा दुसऱ्या विद्यार्थ्याला दिली होती, पोलंडच्या. प्राध्यापकांनी फार वाईट वाटतं असं लिहिलं होतं. पासपोर्ट नोव्हेंबरात आला. निळा, सोनेरी अक्षरांचा. आईनं तो गव्हाच्या कोठीत ठेवला, उंदीर लागू नये म्हणून डब्यात घालून.

ताई आता शेंदूरजनाघाटला मास्तरीण आहे. सुट्टीत येते तेव्हा संत्री आणते. मी अजूनही तिचे स्वीडिशमध्ये आभार मानते, "तक!" पूर्वी ती हसून उत्तर द्यायची. आता म्हणते, "नीट सोलून खाय, झाडाले फळ धराले वेळ लागते."

पण मी हरणारी नाही, असं मला वाटत होतं. मी ठरवलं, मोठाईला सगळं सांगायचं. नाहीतर उद्या माझ्या वेळेलाही हेच होईल! त्याच वर्षी सहामाहीच्या सुट्टीत मी हिवरखेडला गेले. मोठाई अंगणात तूर पाखडत होती. मी तिच्यापुढं बसले आणि वळणावळणानं सुरुवात केली.

"मोठाई, समज, मी मोठी झाले. परदेशात शिकायला निघाले."

"जाय ना. तुयं तोंड पाहून थे लोक पयतीन."

"ऐक ना! समज, पोलीस आला. चांगल्या कामासाठी आला. आणि त्यानं विचारलं, सुभद्रा तायडे इथलीच का? तर तू काय सांगशील?"

सूप थांबलं.

"नाई सांगीन."

"अगं पण चांगल्या कामासाठी! तू हो म्हटलं तरच मला जाता येईल."

मोठाईनं तुरीतला एक खडा उचलून लांब फेकला.

"भगवंताच्या वक्ती बी तो चांगलाच बोलला होता. बाई, भगवंत तायडे तुमचाच का? म्या पदर सावरून सांगतलं, हो साहेब, मायाच पोरगा हाय."

तिनं सूप पुन्हा हातात घेतलं. मी घोटून घोटून तयार केलेलं सगळं भाषण माझ्या तोंडात होतं. मी तूर निवडायला लागले.